तीन नंबरच्या टेबलाखालचा तुकडा

माझ्या पुतण्याचा पोरगा इंजिनिअर झाला त्या दिवशी आमच्या शेंद्र्यात एवढे पेढे वाटले की गावातल्या मुंग्यांनी आठ दिवस दुसरं काम हाती घेतलं नाही. महिन्याभरात त्याला शेजारच्याच कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या बांधावर खोकलं तर आत ऐकू जाईल, इतका जवळचा कारखाना. पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि पाऊण तासात परत आला.

"काय रं, एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"झालं, आजोबा. एक लोखंडी दांडी दिली हातात अन् एक कॅलिपर दिलं. म्हणले, हिची जाडी मोज."

"मग? मोजता येत नाय का तुला?"

"येतं की! मोजणारच होतो. त्याआधी फक्त विचारलं, सर, किती यायला पाहिजे?"

त्या साहेबानं म्हणे दांडी परत घेतली, पोराला पाणी पाजलं आणि दार दाखवलं.

घरात त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पुतण्या म्हणाला, "जमिनी आमच्या घेतल्या अन् नोकऱ्या भलत्यालाच देतेत." सूनबाई म्हणाली, "एवढं सोनं पोरगं, एक प्रश्न विचारला तर काय बिघडलं?" मी मात्र गप बसलो. मी गप बसलेला बघून घरच्यांनी डॉक्टरला फोन लावायचंच तेवढं बाकी ठेवलं, कारण याआधी मी गप बसलो होतो तो माझ्या लग्नात, अंतरपाटाच्या अलीकडं. पण खरं सांगतो. 'किती यायला पाहिजे' हा प्रश्न त्या पोराचा नव्हताच. तो मी पेरलेला. तेहतीस वर्षं, ह्या दोन हातांनी.

मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर होतो. कागदावर परिचर, पोरांच्या तोंडी 'मामा'. माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली की त्यांची रांग लावली तर ती क्रांती चौकातून निघेल, दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालून परत चौकात येईल, आणि तरीही शेवटचं पोरगं म्हणत असेल, "मामा, माझं उत्तर सांगा ना!"

बाहेरच्या माणसाला वाटतं, लॅबमध्ये प्राध्यापक शिकवतात. प्राध्यापक हजेरी घेतात. सामान काढणं, धूळ पुसणं, तारा जोडणं, तुटलेलं जोडणं, जोडलेलं तुटू नये म्हणून देवाचं नाव घेणं, हे सगळं मामाचं खातं. माझं शिक्षण सातवी. पण तेच ते लेक्चर तीस वर्षं भिंतीला टेकून ऐकलं की भिंतीलासुद्धा पदवी द्यावी लागते. एकदा सर आजारी असताना मी भिंगाचा प्रयोग असा समजावून सांगितला की मागच्या बाकावरच्या पोरानं आपला चष्मा काढून ठेवला आणि तो पुन्हा कधी घातला नाही.

आता प्रयोगाचं गुपित सांगतो. प्रयोग म्हणजे काय? निसर्गाला प्रश्न विचारायचा आणि तो देईल ते उत्तर लिहून घ्यायचं. आमच्याकडं पद्धत उलटी होती. उत्तर जुन्या जर्नलात आधीपासूनच लिहिलेलं. पोरं आधी उत्तर लिहीत, मग उत्तराकडून मागं मागं चालत येत आणि वाटेत लागतील तशी रीडिंगं भरत. लग्न लागून गेलं, वरात निघाली आणि आता मुलगी बघायला चला, असा प्रकार.

सगळ्यात लाडका प्रयोग लंबकाचा. दोरीला लोखंडी गोळा बांधायचा, हेलकावे द्यायचे, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं आणि दोरीची लांबी मीटरपट्टीनं मोजायची. लांबी पाच वेळा बदलायची. मग गणित करून पृथ्वी वस्तूला किती जोरानं खाली ओढते ते काढायचं. त्याचं उत्तर नऊशे ऐंशी. आमच्या कॉलेजात एखाद्या पोराला बापाचं नाव सांगता आलं नसतं, पण झोपेतून उठवून विचारलं असतं तरी नऊशे ऐंशी सांगितलं असतं.

एकदा परीक्षेत मी तीन नंबरच्या टेबलावर गोळा ठेवायचाच विसरलो. गोळा माझ्या खाकी पँटच्या खिशात. दीड तासानं पेपर गोळा करताना लक्षात आलं. घाबरून बघतो तर त्या टेबलावरच्या पठ्ठ्यानं पाचही रीडिंगं घेतलेली, आलेख काढलेला, उत्तर नऊशे ऐंशी पूर्णांक एक! मी म्हटलं, "अरे बाबा, गोळा कुठाय?"

तो म्हणाला, "गोळा लागतो व्हय मामा?"

पैकीच्या पैकी मार्क पडले त्याला. आज तो कुठंतरी साहेब असणार, आणि त्यानं बांधलेल्या पुलावरून आपण जात असणार. जपून जा.

हे मी हसत सांगतोय, पण तेव्हाही चीड यायची. मात्र चीड आली म्हणून मी काय केलं? काही नाही. उलट परीक्षेच्या दिवशी टेबलांमधून पाण्याची झारी घेऊन फिरायचो आणि अडलेल्या पोराच्या कानात उत्तर सोडायचो. पोरं पास व्हायची, मामाला दुवा द्यायची. दसऱ्याला माझ्याकडं सोनं द्यायला एवढी पोरं यायची की आपट्याच्या झाडानं गाव सोडायचा विचार केला होता.

आता त्या पट्टीचं सांगतो. तीन नंबरच्या टेबलावरची मीटरपट्टी. लाकडी, दोन्ही टोकांना पितळी टोपी. तिचं एक टोक मोडलं. कसं मोडलं? बरीच वर्षं मी सांगायचो की लॅबमध्ये वानर शिरलं, ते मी तलवारीसारखी पट्टी चालवून हाकललं. वानर वगैरे काही नव्हतं. वरच्या खिडकीची गंजलेली कडी मी पट्टीनं ठोकत होतो, तेव्हा टोक चिरलं. आता मोडलेली वस्तू 'मोडतोड वही'त लिहायची, तीन कागद भरायचे, साहेबापुढं उभं राहून कारण सांगायचं. वानराची गोष्ट तिथं चालली नसती. म्हणून मी करवत घेतली, चिरलेलं टोक दोन सेंटिमीटर सरळ कापून टाकलं आणि पितळी टोपी परत ठोकून बसवली. त्या बाजूचे आकडे पोरांच्या बोटांनी कधीच पुसले गेले होते. पट्टी अशी दिसायला लागली की सुताराच्या बापाला कळलं नसतं. कापलेला तुकडा तीन नंबरच्याच टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला. टेबलही बसलं, पट्टीही बसली. एका करवतीत दोन कामं.

पहिली परीक्षा आली तेव्हा मात्र मी हिशोब करून बघितला. शंभर सेंटिमीटर म्हणून पोरगा मोजणार ते खरं अठ्ठ्याण्णवच. म्हणजे त्या पट्टीनं इमानानं मोजलं तर नऊशे ऐंशी येणं शक्यच नाही, हजाराच्या वर काहीतरी येणार. माझी चोरी आज पकडली जाणार! मी पेपर चोरून बघितला. नऊशे ऐंशी. दुसऱ्या बॅचचा बघितला. नऊशे एकोणऐंशी पूर्णांक आठ. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. मला वाटायला लागलं, मी पट्टी इतक्या सफाईनं कापलीय की पृथ्वीलाच कळलेलं नाही.

नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या खोट्या पट्टीनं एकजात सगळ्या पोरांचं उत्तर बरोबर आलं. आणि आज क्रांती चौकात एवढाले फलक लागतात, 'आधुनिक जगासाठी लागणारी कौशल्ये, फक्त सहा आठवड्यांत', खाली टाय लावलेला माणूस हाताची घडी घालून हसतोय. त्याला खाली उतरवून विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुझ्या सहा आठवड्यांत एक तरी आठवडा 'जे दिसलं ते लिहा' ह्याचा आहे का? नसेल तर तुझा टाय त्या टेबलाच्या पायाखाली सारायच्या लायकीचा.

दहाव्या वर्षी मंगल आली.

देवगाव रंगारीची पोरगी. इथं चुलत्याकडं राहून बारावी करत होती. चुलतीनं आधीच बजावलं होतं, "एकच साल ठेवीन. नापास झालीस की त्याच दिवशी देवगावची एसटी." हे मला मंगलनंच सांगितलं होतं, कारण प्रॅक्टिकल संपल्यावर ती सामान पुसून जागेवर ठेवायची आणि पुसता पुसता बोलायची. तेहतीस वर्षांत सामान पुसून ठेवणारी ती एकटी. बोलणं मोजकं, पण प्रश्न लई. "मामा, हा काटा शून्यावर का येत नाय? मामा, हे कुणी ठरवलं?" मी म्हणायचो, "पोरी, एवढे प्रश्न विचारशील तर पास कधी होशील?"

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या उचलायची पद्धत. ज्याच्या चिठ्ठीत जो प्रयोग, तो त्यानं करायचा. दुपारच्या बॅचला मंगलनं चिठ्ठी उचलली. लंबक. टेबल नंबर तीन.

मी मनात म्हटलं, सुटली पोरगी. सगळ्यात सोपा प्रयोग. तासाभरानं झारी घेऊन तिच्याजवळ गेलो तर ती घामाघूम.

"मामा, माझं हजार सहा येतंय."

"नऊशे ऐंशी," मी हळूच म्हणालो.

"ते ठावं हाय मला. पण येत नाय ना. तीनदा मोजलं."

"येत नसलं तर आणायचं."

"कुठून आणू?"

मी इकडंतिकडं बघितलं. ती पट्टी हातात घेऊन टोकाकडं निरखून बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"मामा, ही पट्टी बराबर हाय ना?"

माझ्या आयुष्यात मी थापा कमी मारल्या नाहीत. पण त्या सगळ्या लोकांनी हसावं म्हणून. त्या क्षणी मी मारली ती एकच थाप खरी खोटी होती.

"सरकारी पट्टी हाय ती, बाई," मी म्हणालो, आणि झारी घेऊन पुढं सरकलो.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. माणूस जाडजूड, दुपारचं जेवण अंगावर आलेलं. आमचे विभागप्रमुख पाठक सर त्यांच्याशेजारी बसलेले. पाठक सर विद्वान, पण इतके भित्रे की लंबक हलला तरी दोन पावलं मागं व्हायचे. मंगलचा पेपर समोर आला आणि परीक्षकांची झोप उडाली.

"एक हजार सहा? काय गं, तुमच्या गावात गुरुत्वाकर्षण जास्त आहे का?"

सगळी बॅच हसली. मंगल हसली नाही.

"नाय सर. पट्टी दोन सेंटिमीटर खोटी हाय."

मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं!" परीक्षक म्हणाले. "तुला कसं कळलं? दोन म्हणे!"

"आलेखावरून, सर." तिनं कागद पुढं केला. "दोरी नसंल तर हेलकावा बी नसतो. म्हणजे लांबी अन् वेळेच्या वर्गाची रेघ कोपऱ्यातल्या शून्यातून निघायला पाहिजे. माझी रेघ सरळ येती, पण शून्याच्या दोन सेंटिमीटर शेजारून निघती. पाचही ठिपके तसेच बसतेत. म्हणजे दरवेळी मी दोन सेंटिमीटर जास्त मोजलंय. ते वजा केलं की नऊशे ऐंशीच येतंय, सर. खाली लिहिलंय बघा."

वाचणाऱ्यांनो, मी सातवी पास माणूस. पण माझ्या अंगावर काटा आला. मी दार लावून, करवत चालवून, टोपी ठोकून केलेली चोरी ह्या पोरीनं एका दोरीनं आणि पाच ठिपक्यांनी पकडली होती. माझं नाव तेवढं कागदावर यायचं राहिलं होतं. ह्याला म्हणतात शिक्षण! ढोल वाजवायला हवे होते. हत्तीवरून काढायला हवी होती तिला, क्रांती चौकापासून.

परीक्षकांनी लाल पेन्सिल काढली. "सामानाला दोष देणं ही आळशांची सवय आहे. नापास."

पाठक सर टेबलाकडं बघत बसले. मंगलचा चेहरा असा झाला की मला तिथं देवगावची एसटी उभी राहिलेली दिसली.

मी चहाचे कप खाली ठेवले. तीन नंबरच्या टेबलाजवळ गेलो, वाकलो, पायाखालचा तुकडा ओढून काढला. टेबल डुगडुगलं, गोळा हलायला लागला. तुकडा नेऊन परीक्षकांसमोर ठेवला.

"साहेब, पोरगी खरं बोलती. पट्टी मी कापलीय. हा तिचा तुकडा. मला काय शिक्षा करायची ती करा."

पाठक सरांनी पट्टी आणली, टोपी काढली, तुकडा जोडून बघितला. रेषेला रेष जुळली.

मला वाटलं, आता न्याय होणार. मी मेमोची, पगारवाढ बंद होण्याची तयारी केली होती. पण परीक्षकांचे डोळे तुकड्यावरून सरकून बाजूच्या गठ्ठ्यावर गेले. सकाळच्या बॅचचे पेपर. त्यांनी एक पेपर उपसला. टेबल नंबर तीन. उत्तर नऊशे ऐंशी. खाली त्यांचीच सही, त्यांचेच मार्क, पैकीच्या पैकी.

पट्टी खोटी धरली तर तो पेपर खोटा. तो खोटा तर त्यांची सही खोटी. आणि एवढ्यावर ते थांबलं नसतं. नऊ वर्षांचे तीन नंबरच्या टेबलावरचे सगळे पेपर, त्यांच्यावरच्या सगळ्या सह्या, त्यांतल्या निम्म्या पाठक सरांच्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी तोपर्यंत विजेच्या तारेतून करंट जातो म्हणजे काय ते फक्त ऐकलं होतं. त्या दिवशी दोन माणसांमधून जाताना बघितला.

"मामा," परीक्षक गोड आवाजात म्हणाले, "चहा गार होतोय. तो तुकडा होता तिथं ठेवा."

"पण साहेब..."

"पट्टी जुनी आहे, एवढंच. दुसऱ्यांचं आलं ना बरोबर?" मग मंगलकडं वळले. "हे बघ, मुलगी हुशार आहेस. मी काही दुष्ट नाही. हजार सहा खोड, ते खालचं दोन सेंटिमीटरचं पुराण खोड, रेघ शून्यातून काढ आणि नऊशे ऐंशी लिही. पैकीच्या पैकी देतो."

"पण सर, शून्यातून जात नाय ती."

"खोडलंस तर पास. नाहीतर नापास. घड्याळात पाच मिनिटं आहेत."

मंगलनं पाठक सरांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते, पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

इथं मी तुम्हाला सांगू शकलो असतो की मी परीक्षकांची मान पकडली, गठ्ठा खिडकीबाहेर उधळला. इतकी वर्षं बऱ्याच ठिकाणी मी तसंच सांगितलंय, आणि लोकांनी टाळ्याही दिल्यात. पण तसं झालं नाही. मला तिची चुलती दिसत होती, एसटी दिसत होती. आणि माझ्यावरचा मेमोही टळत होता, हे का लपवू?

मी म्हणालो, "लिही पोरी."

तिनं खोडरबर घेतला. पाच ठिपके खोडायला किती वेळ लागतो? त्या पोरीला पाचही मिनिटं लागली. मग तिनं कोपऱ्यातल्या शून्यातून एक सरळ रेघ काढली आणि नऊशे ऐंशी लिहिलं. परीक्षकांनी सही केली. मी टेबल उचललं, तुकडा पायाखाली सारला. डुगडुग थांबली.

ती जाताना दारात उभी राहिली. त्या दिवशी तिनं सामान पुसलं नव्हतं.

"मामा, तेवढा तुकडा मला देता?"

"तो दिला तर टेबल हालंल ना, पोरी," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "हालंल." आणि गेली.

पास झाली ती. चांगल्या मार्कांनी. पुढं काय शिकली, कुठं गेली, मला माहीत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला ती कधी आली नाही. तिच्यामागून पुढची कितीतरी वर्षं तीन नंबरच्या टेबलावर नऊशे ऐंशी येत राहिलं. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल दिली, नारळ दिला, 'मामांनी पिढ्या घडवल्या' असं भाषण झालं. घडवल्याच की! मोजायच्या आधी 'किती यायला पाहिजे' विचारणारी पिढी आयती आली का? ती आम्ही घडवली. त्यात परीक्षक होते, सह्या होत्या, आणि 'लिही पोरी' म्हणणारा मी होतो. वर तीच पोरं नोकरीला लायक नाहीत म्हणून आता आम्हीच बोंब मारतो.

निरोप समारंभ संपल्यावर मी लॅबमध्ये गेलो आणि तीन नंबरच्या टेबलाखालचा तुकडा काढून घेतला. टेबल आजही डुगडुगत असेल. डुगडुगू द्या.

परवा पुतण्याच्या पोराला तो तुकडा दिला आणि म्हटलं, मोज. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, तोंड मिटलं, आणि मोजला. "एक पूर्णांक नऊ," म्हणाला. माझी करवत एक मिलिमीटर खाऊन गेली होती, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

ही गोष्ट छापलेला अंक देवगाव रंगारीकडं जात असेल, किंवा मंगल आता जिथं कुठं असेल तिथं कुणाच्या हाती पडला, तर एवढं करा. तिला सांगा, मामांकडं तुकडा हाय. येऊन घेऊन जा. तुझी रेघ बराबर होती.